पायथन ते फोरट्रान: फाइल लिहावी की मेमरीच द्यावी?

मे महिन्यात धरमपेठेतल्या आमच्या खोलीत लॅपटॉप आधीच तापलेला असतो. त्यात विदर्भाच्या तापमानाची १००० × १००० ची सारणी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून फोरट्रान या दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामकडे पाठवायची.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, हा सरळ मार्ग. फाइल उघडून डोळ्यांनी बघता येते. एकदाच पाठवायचं असेल तर मी तीच वापरतो. पण ६४ बिटांची दशांश संख्या हुबेहूब परत मिळायची खात्री हवी तर १७ सार्थ अंक लिहावे लागतात. मेमरीतले ८ एमबी फाइलमध्ये २० एमबीच्या घरात जातात.

हिशेब पुन्हापुन्हा फिरणार असेल तर मात्र एफटूपायच, म्हणजे फोरट्रानचा कोड थेट पायथनमधून चालवू देणारं साधन. अ‍ॅरे (मेमरीतली सारणी) थेट फोरट्रानच्या हाती, मधे फाइलच नाही. मेख एकच, पण मोठी: नमपाय, म्हणजे पायथनमध्ये असे अ‍ॅरे हाताळणारी लायब्ररी, मुळात ओळीनुसार साठवतं, फोरट्रान स्तंभानुसार. त्यामुळे नुसता वाचण्यासाठी दिलेला दोनमितीय अ‍ॅरे एफटूपाय गुपचूप कॉपी करून घेतं. उत्तर बरोबर येतं, वेग जातो. माझ्या दोन संध्याकाळी हे शोधण्यात गेल्या. अ‍ॅरे बनवतानाच ऑर्डर 'एफ' (फोरट्रानसारखी स्तंभवार मांडणी) द्या, प्रकार फ्लोट६४ (६४ बिटांची दशांश संख्या) ठेवा आणि फोरट्रानमध्ये त्याच्याच जोडीचा डबल प्रिसिजन लिहा. मग कॉपी होत नाही.