तारखेची जागा मी रिकामी सोडली

आमचा फुटबॉल क्लब म्हणजे फार काही नाही. कोल्हापुरात पेठांतल्या तालमींचे संघ सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, हलगी वाजते, आणि मॅचनंतर चौकात काय झालं ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. आम्ही त्यातले नव्हे. शाळेच्या मैदानावर सकाळी साडेसहाला चाळीसेक पोरं, दोन कोच (त्यातला एक मी, नोकरी सांभाळून), आठ-दहा बॉल, आणि फी ज्याला जमेल त्यानं द्यायची.

2013 च्या जूनमध्ये दहा वर्षांचं एक पोरगं आलं. नाव लिहीत नाही, मैदानात सगळे बारक्याच म्हणायचे. उजव्या पायात कुणाचा तरी मोठा बूट, डावा पाय अनवाणी, आणि मारायचा डाव्यानंच. वडील रिक्षा चालवायचे. सहा वर्षं तो आमच्याकडं होता. बूट आम्ही घेतले, एसटीनं सांगली-मिरज-पुण्याच्या स्पर्धांना नेलं, गुडघा दुखावला तेव्हा एक्स-रे काढला, सरावानंतर रोज दोन उकडलेली अंडी दिली. ह्याचा हिशेब तेव्हा कुणी ठेवला नाही. ठेवायला हवा होता, हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण हवा होता.

2019 च्या मे महिन्यात एका परगावच्या अकादमीचा माणूस आला. एका मोठ्या क्लबशी त्यांचं जोडलेलं होतं. ट्रॅकसूट, गोड बोलणं, मला दर वाक्याला "सर". बारक्याला त्यांनी ट्रायलमध्ये घेतलं होतं, फक्त आमची एनओसी पाहिजे होती. मिसळ खाता खाता म्हणाला, "सर, पोराचं करिअर आहे, त्याच्या आड नको यायला." आड यायचा प्रश्नच नव्हता. पोरगं पुढं जावं म्हणूनच तर सगळं चाललेलं. वर तो म्हणाला, पहिला प्रोफेशनल करार झाला की तुमच्या क्लबचं बघू, शिवाय आमचं एक केंद्र तुमच्याच मैदानावर काढू. तोंडी, अर्थात.

मजकूर त्यानंच लिहून आणलेला, इंग्रजीत. आमच्या लेटरहेडवर छापून घेतला. पहिला परिच्छेद मी वाचला: खेळाडूला जायला आमची हरकत नाही. दुसरा चाळला. त्यात प्रशिक्षणापोटी आज किंवा पुढं कसलाही हक्क सांगणार नाही, असं होतं. मला वाटलं, फी-बी थकली नाही असं लिहिण्याची ती पद्धत असेल. पोरगं क्लबमधून कधी गेलं त्या ओळीत तारखेच्या जागी टिंबं होती. "ती आम्ही नोंदणीच्या वेळी घालतो सर, नाहीतर कागद परत येतो." मी सही केली, शिक्का मारला. झेरॉक्ससुद्धा काढली नाही.

आठ दिवसांनी दहा बॉल आणि वीस बिब (सरावात संघ ओळखायला वरून घालतात ती बनियनं) आले. बिबवर अकादमीचं बोधचिन्ह होतं.

2021 मध्ये त्या मोठ्या क्लबनं बारक्याशी पहिला प्रोफेशनल करार केला. आम्ही मैदानावर पेढे वाटले. सगळं विचारायचं सुचलं ते पुढं, एका ओळखीच्या रेफरीनं सहज विचारल्यावर: "तुम्हाला काही मिळालं का मग?"

तोवर मला प्रशिक्षण भरपाई हा शब्दही नीट माहीत नव्हता. फिफाच्या नियमांत ती 2001 पासून आहे. पोरगं दुसऱ्या देशातल्या क्लबात पहिल्यांदा प्रोफेशनल झालं, किंवा प्रोफेशनल म्हणून 23 व्या वाढदिवसाचं वर्ष संपेपर्यंत एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेलं, की त्याला घडवणाऱ्या क्लबांना नव्या क्लबानं पैसे द्यायचे. ह्याशिवाय पैसे मोजून बदली झाली तर रकमेतले 5 टक्के बाजूला काढून 12 ते 23 वयात त्याला शिकवणाऱ्यांत वाटायचे. 12 ते 15 मधल्या दर वर्षाला एकूण रकमेच्या 0.25 टक्के, पुढच्या दर वर्षाला 0.5. म्हणजे एक कोटीची आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर त्याला 12 ते 15 ही चार वर्षं सांभाळणाऱ्याला एक लाख. आमच्या क्लबाचा वर्षाचा खर्च त्याच्या आसपास असतो. देशातल्या देशात पोरगं गेलं तरी घडवणाऱ्या क्लबला मोबदला मिळावा अशी सोय प्रत्येक देशाच्या फेडरेशननं करावी, असंही फिफा म्हणतं. आपल्याकडचा आकडा आणि मुदत त्या त्या हंगामाच्या नियमात बघायची, कुणाच्या तोंडी सांगण्यावर नाही.

आता मोजायचं कुठून? बाराव्या वाढदिवसाच्या वर्षापासून. खेळाडूचा एक पासपोर्ट असतो, त्यात तिथपासूनचे क्लब लिहिलेले असतात. त्याच्या आधीची वर्षं त्यात नाहीत.

मी मोठ्या क्लबला पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं, सोबत माझ्याच सहीच्या पत्राची प्रत. टिंबांच्या जागी तारीख होती जून 2015. बारक्या बारा वर्षांचा झाला तो महिना. कागदावर आमच्याकडं तो दहा ते बारा होता, जे मोजतच नाहीत, आणि बारापासून पुढं अकादमीकडं. प्रत हातात धरून मी बराच वेळ बसून होतो. राग नंतर आला. आधी त्या माणसाच्या हुशारीचंच नवल वाटलं.

लबाडी सिद्ध करायला एक गोष्ट होती. ज्या लेटरहेडवर ते पत्र आहे, त्यावरचं बोधचिन्ह आम्ही 2018 मध्ये करून घेतलं. 2015 ला गेलेल्या पोराचं पत्र तीन वर्षांनी छापलेल्या कागदावर कसं? पण पत्रावर वर वेगळी तारीख नव्हती, आणि मागाहून दाखला दिला असं ते म्हणू शकत होते. ओळखीच्या वकिलांनी दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "तारखेचं सोडा. हक्क सोडतो असं तुम्हीच लिहून दिलंय." भांडायचा खर्च मिळणाऱ्या रकमेच्या वर गेला असता. शिवाय पोराची ऑनलाइन नोंदणी आम्ही केलीच नव्हती, सीआरएसमध्ये, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नोंदणीत, त्याचं नाव आमच्याकडं नाही. आमच्याकडं होता हजेरीचा रजिस्टर, जिल्ह्याच्या स्पर्धांचे फॉर्म आणि फोटो. ते पुरावे आहेत, पण नोंदणी नव्हे. हा दोष निव्वळ माझा.

सगळ्यात वाईट हे नव्हतंच. मी पत्र पाठवल्यावर कुणीतरी बारक्याच्या वडिलांना फोन केला: "जुना क्लब पैशासाठी पोराला अडवतोय." सहा वर्षं ज्यांच्या रिक्षातनं मी फुकट फिरलो, ते महिनाभर बोलले नाहीत.

त्यांचं भय खोटं नाही, हेही लिहितो. पोरगं म्हणजे गहाण ठेवलेला दागिना नव्हे. ऑलिव्हिए बर्नार नावाचा फ्रेंच खेळाडू फ्रान्समधल्या लियों क्लबमध्ये घडला आणि इंग्लंडातल्या न्यूकासलला गेला, त्यावरून लियोंनं केलेल्या खटल्यात 2010 मध्ये युरोपीय न्यायालयानं हेच म्हटलं: भरपाई चालेल, पण ती शिकवण्याच्या खर्चाशी जुळली पाहिजे, क्लबला वाटलेल्या नुकसानीशी नाही. मला पटतं. पण मग खर्च तरी मोजा. फिफाच्या तक्त्यात 12 ते 15 ची वर्षं क्लबांच्या सगळ्यात खालच्या गटाच्या दरानं धरतात, आणि तो दर पोराला नेणाऱ्या क्लबच्या खंडाचा. युरोपातला क्लब असेल तर वर्षाला 10,000 युरो, आशियातला असेल तर 2,000 डॉलर. घाम एकाच मैदानात गाळलेला, अंडी तीच दोन. इंग्लंडातही 2012 पासून दुसऱ्याच्या अकादमीतलं पोरगं नेताना द्यायचे ठरीव दर आले आणि मोठे क्लब लहानांची पोरं काही हजार पौंडांत उचलायला लागले. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबनं 2016 मध्ये वैतागून आपली अकादमीच बंद केली. आमच्यासारख्यांना बंद करायला अकादमी तरी कुठाय.

म्हणून ज्यांच्याकडं सकाळी पोरं येतात त्यांना सांगतो. बारावं लागायच्या आत पोराची नोंदणी करा, आळस करू नका, वडिलांचा मोबाइल नंबर मिळत नाही वगैरे कारणं मीही दिलेली आहेत. एनओसी आपल्या भाषेत, आपल्या हातानं, एकाच वाक्याची लिहा: हरकत नाही. हक्क सोडायचा कागद वेगळा असतो. तो मागत असतील तर वेगळा मागू द्या, म्हणजे काय मागतायत ते दिसतं. पत्रात एकही टिंब रिकामं ठेवू नका, सही केलेल्या पानाचा फोटो तिथल्या तिथं काढून पोराच्या आईबापाला पाठवा. आणि पैशाचं बोलणं त्यांच्यादेखत करा. आम्ही लपवून केलं नव्हतं, केलंच नव्हतं, पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच. करार झाल्याचं कळलं की थांबू नका. फिफाकडं दाद मागायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि दोन वर्षं पेढ्यांत जातात. 2022 च्या नोव्हेंबरपासून फिफानं पैसे वाटायला क्लिअरिंग हाऊस काढलंय, तेही नोंदणी बघूनच वाटतं.

गेल्या दिवाळीत बारक्या मैदानावर आला. पोरांना डाव्या पायाचे फ्री किक शिकवले, सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. त्याला ह्यातलं काय माहीत आहे, मी विचारलं नाही. जाताना ढिगातला एक बिब उचलून त्यावरचं चिन्ह बघत म्हणाला, "सर, हे अजून वापरताय व्हय? फाटलेत की."

"वर्गणी जमली की नवीन घेऊ," मी म्हटलं.