सात रस्ता भागातलं स्किन क्लिनिक, आईला दाखवलं, समाधान झालं
आईला शुगर, त्यात सोलापूरचा उन्हाळा, काखेत लालभडक चट्टे उठलेले अन् मेडिकलमधनं आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावून अजूनच पसरले. इथल्या मॅडमनी कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, वर केओएचचा (कातडीच्या पेशी विरघळवणारं रसायन) थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपमधनं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, आम्हालाच दाखवलं, कॅन्डिडा. ते नुसतं चिकटून बसत नाही, प्रोटीन तोडणारी एन्झाइम बाहेर सोडतं, कॅन्डिडा अल्बिकन्स या जातीकडे तर ती एन्झाइम बनवणारे 10 जीन आहेत, कातडीतली केराटिन, कोलेजन ही प्रोटीनं पचवतंच पण आपल्या अँटिबॉडीपण कापून टाकतं! एवढं समजावून कोण सांगतं हो आजकाल? वेटिंग लई आहे, बसायला जागा कमी. शुगर आटोक्यात आली नाही तर हे परत उठणार असं मॅडमनी आईला तोंडावर सांगितलं, ते फार आवडलं. संध्याकाळी लवकर नंबर लावा.