आयत्या पिठावर ९० दिवसांच्या रेघोट्या

पावती ४८,५०० रुपयांची. ‘स्काल्प डिटॉक्स’ची सहा सिटिंग १८,०००, पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट डोक्यात टोचण्याची, चार सिटिंग २०,०००, तेल-सीरमचं किट ७,५००, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या ३,०००. पैसे भरणाऱ्या काकूंची शेवटची केमो होऊन पाच आठवडे झाले होते. क्लिनिक पुण्यातलं, केसांचं. तोंडी सांगितलं होतं ते असं : केमोने केसांची मुळं बंद पडतात, आम्ही ती उघडतो, ९० दिवसांत केस आले नाहीत तर पैसे परत. पावतीवर यातलं एक अक्षर नाही. खाली बारीक टायपात आहे ते एवढंच, की भरलेली रक्कम परत मिळणार नाही आणि परिणाम व्यक्तीनुसार बदलतात.

९० दिवसांत केस आले. येणारच होते.

आपल्या डोक्यावरचे ९० टक्क्यांच्या आसपास केस कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. केसाच्या मुळाशी भराभर विभागणाऱ्या पेशी असतात, केमो त्यांच्यावर घाव घालते आणि पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केसांचे झुपके हातात यायला लागतात. पण त्याच मुळात थोड्या वरच्या अंगाला राखीव मूळपेशी असतात, त्या बहुतेक वेळा वाचतात. मूळ मरत नाही आणि बंदही पडत नाही. शेवटच्या डोसनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत बाळाच्या जावळासारखी लव येते, पुढे महिन्याला सेंटिमीटरभर वाढ होते. म्हणजे पाचव्या आठवड्यात गिऱ्हाईक गाठायचं आणि ९० दिवस मागून घ्यायचे. पॅकेज संपेपर्यंत चार महिने उलटतात आणि बोटाच्या पेराएवढे केस तेल लावून येतात, न लावताही येतात. गॅरंटी द्यायला याहून बिनधोक माल बाजारात नाही.

जाहिरातीतले फोटोही यामुळेच खरे असतात. पहिल्या फोटोत केमोचं तुळतुळीत डोकं, दुसऱ्यात सहा महिन्यांनंतरचे कुरळे केस. फोटोत लबाडी नसते, ती मधल्या बाटलीत असते.

आता क्लिनिकमधला कॅमेरा. पेनाएवढा, टॅबला जोडलेला. डोक्यावर टेकवला की स्क्रीनवर त्वचा चंद्रासारखी दिसते आणि तिच्यात पांढरे-पिवळे ठिपके. ‘काकू, बघा ना, सगळी मुळं ब्लॉक!’ ते ठिपके म्हणजे बहुतेक वेळा मोकळी रंध्रं, त्यांतला तेलकटपणा आणि सुटलेला कोंडा. रंध्राचं तोंड दिसतंय हीच खरं तर चांगली खूण, कारण मूळ कायमचं नष्ट होऊन व्रण पडतो तेव्हा ते तोंडच दिसेनासं होतं. तोच कॅमेरा समोरच्या मुलीच्या कपाळावर टेकवायला सांगा. तिथेही ठिपके दिसतील.

सगळ्यात वाईट भाग संमतीपत्राचा. त्यात आजारांची यादी होती आणि ‘कॅन्सर’समोर ‘नाही’वर खूण. ती काकूंनी केलेली नाही. ‘सिस्टिम पुढे जाऊ देत नाही हो’ म्हणत काउंटरवरच्या मुलीने केली आणि सहीसाठी शेवटचं पान पुढे सरकवलं. नंतर भांडायला गेल्यावर तेच पान दाखवलं गेलं : तुम्ही आजार लपवलात. फॉर्म घरी आणून वाचता येत नसेल, तर सही करू नये. केलीच, तर प्रत्येक पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवावा.

तिसऱ्या आठवड्यात डोकं पेटलं. ‘डिटॉक्स’ म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचा लेप, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलणं. केमोनंतर तो थर आधीच पातळ आणि कोरडा झालेला असतो. घाम आणि तेलही नीट सुटत नसतं, उशीचा अभ्रासुद्धा टोचतो. त्यावर कापूर, पेपरमिंट आणि कांद्याचा अर्क असलेलं तेल रोज रात्री. आग होते म्हटल्यावर उत्तर आलं, ‘रक्तपुरवठा वाढतोय.’ आग होणं ही कातडीची तक्रार असते, केस येत असल्याची खूण नाही. पुढे केसांच्या मुळाशी पू भरलेले फोड आले.

केमो चालू असताना हेच झालं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा डोक्यावर फोड आणि अंगात १००.४ फॅरनहाइट ताप असेल, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. डर्मारोलर हा घरी वापरायचा सुयांचा रूळही याच कारणाने वर्ज्य.

किटमधल्या तेलावर ना परवाना क्रमांक, ना बॅच नंबर, ना उत्पादकाचा पत्ता. नुसतं ‘शंभर टक्के हर्बल’ आणि एक पान. अशा बाटलीत न लिहिलेलं स्टेरॉइड असेल, तर खाज आठवड्यात थांबते, माणूस खूश होतो आणि कातडी मागून पातळ, चकचकीत होत जाते. न लिहिलेलं मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध असेल, तर धडधड आणि चक्कर होऊ शकते. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे केमोतलं ते लाल औषध, घेतलेल्यांच्या हृदयावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे हे हसण्यावारी न्यायचं नाही.

गोळ्यांत बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम होतं. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे ३०. बायोटिनची कमतरता नसेल, तर त्याने केस वाढतात याला आधार नाही. तोटा मात्र आहे : रक्तात इतकं बायोटिन असलं की थायरॉइडच्या आणि काही हार्मोनच्या चाचण्या, शिवाय हृदयविकारासाठीची ट्रोपोनिनची चाचणी चुकीची येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. फॉलोअपच्या रक्ततपासणीआधी गोळ्या चालू असल्याचं डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा.

पीआरपीसाठी आपलंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट डोक्यात टोचतात. ज्यांच्या केमोने घटलेल्या प्लेटलेट अजून वर आलेल्या नाहीत, त्यांच्याकडून त्या काढायच्या आणि सुयांनी डोकं टोचायचं, तेही आपोआप येणाऱ्या केसांसाठी. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातातून रक्त घेऊ देऊ नका असं सर्जन सांगून ठेवतात, ते या क्लिनिकमध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही. ऑन्कॉलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरने, लिहून दिल्याशिवाय या खुर्चीत बसायचंच नाही.

मग करायचं काय? फारसं काही नाही, आणि नेमकं तेच विकता येत नाही. आठवड्यातून दोनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य शाम्पू, नाण्याएवढा, तळहातावर पाण्यात मिसळून. बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. कोरडं वाटलं तर साध्या खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब, गरम न करता. चंपी नको, आणि फोड किंवा जखम असेल तर तेलही नको. वस्तरा फिरवून ‘केस दाट येतात’ हे चूक आहे, त्याने नुसते काप पडतात. फार टोचत असेल तर ट्रिमरने तीन मिलिमीटरवर आणा. उन्हात सुती टोपी किंवा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. केसांचा डाय सहा महिने लांब ठेवा, ‘काळी मेंदी’ही, कारण तिला काळं करणारं पीपीडी हे रसायन डायमध्येही असतं आणि नाजूक डोक्यावर तेच उठतं.

घाई असेलच तर मेडिकलमध्ये मिळणारं मिनॉक्सिडिल आहे, ऑन्कॉलॉजिस्टला विचारून. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटवरच्या एका छोट्या चाचणीत दोन टक्के मिनॉक्सिडिलने केस परत यायचा काळ सुमारे ५० दिवसांनी कमी झाला. गळणं मात्र थांबलं नाही.

आणि काहींचे केस खरंच पुरते येत नाहीत. डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध घेतलेल्या थोड्या जणींचे विरळ राहतात, मेंदूला दिलेल्या रेडिएशनखालची जागा मोकळी राहू शकते, स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या लेट्रोझोल-टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनच्या गोळ्यांनी केस पातळ होतात. सहा महिन्यांनंतरही टाळू दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघून घेतील. गॅरंटीवाल्यांकडे याच जणींना ऐकावं लागतं, ‘तुम्ही तेल नियमाने लावलं नाही.’

पैसे परत मागायचे असतील तर आधी व्हॉट्सॲपवर लेखी मागा, म्हणजे गॅरंटीबद्दलचं त्यांचं उत्तर लेखी येतं. हप्त्यांवर घेतलं असेल, तर ते ॲपवरचं कर्ज असतं. सुरुवातीच्या काही दिवसांत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडायची मुदत करारात लिहिलेली असते, ती पहिल्याच दिवशी शोधा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे उकळून नंबर बंद केला असेल तर १९३०, जितक्या लवकर तितकं बरं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. तेलाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणं ही दोन्ही नावं आहेत, म्हणजे औषध म्हणून विकलेल्या मालाला तो दावाच करता येत नाही.

तपासणीला लागते ती उरलेली बाटली, लेबलसकट. काकूंनी आग होते म्हणून ती बेसिनमध्ये ओतली आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला दिली. हातात राहिली ती पावती.