ब्रेकची हवा काढायचा हातपंप, जुन्या ४०७ वर वापरून बघितला

माझी टाटा ४०७ आहे १९९८ ची. मागचे व्हील सिलेंडर (चाकातले, ब्रेक दाबणारे) आणि मास्टर सिलेंडर (पेडलने चालणारा, चारी चाकांकडे ऑइल ढकलणारा) नवे टाकले आणि तेव्हापासून पेडल काही केल्या धरेना. दोन-तीनदा मारलं की वर यायचं, जरा थांबून दाबलं की परत मऊ, म्हणजे लाइनीत हवा आहेच. गुळाचा लोड घेऊन करूळ घाट उतरायचा असतो आपल्याला, असल्या पेडलवर गाडी बाहेर काढायचीच नाही. पेडल मारायला दरवेळी माणूस कुठून आणणार म्हणून हा गेजवाला हातपंप ऑनलाइन मागवला.

पंप ओढतो मस्त, काटा खाली येत नाही. मास्टरपासून सगळ्यात लांब म्हणून मागच्या डाव्या चाकापासून सुरू केलं. पण निपल (चाकामागचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) सैल केला की नळीत बारीक बुडबुडे येतच राहतात, संपायचं नावच नाही, अर्धा लिटर ऑइल असंच गेलं. मग लक्षात आलं की ही लाइनीतली हवा नाहीच, पंपाच्या ओढीने निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा आत येतेय. निपल काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, पुढचं निमुळतं टोक आणि भोक मोकळं ठेवलं, की बुडबुडे बंद! ही एक ओळ सोबतच्या कागदावर छापायलाच पाहिजे होती.

चारी चाकं झाली तरी पेडल थोडं मऊच. चूक माझी, नवा मास्टर मी कोरडाच, आधी ऑइल भरून हवा न काढता बसवला होता आणि त्याच्यातली हवा चाकाकडून ओढून येत नाही. शेवटी पुतण्याला सीटवर बसवलं, मास्टरच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल केला, "हळू दाब" म्हटलं तर फस्स करून पांढरा फेस आला, नट आवळला, मग "सोड". पाच-सहा वेळा केल्यावर नुसतं स्वच्छ ऑइल यायला लागलं आणि पेडल दगडासारखं झालं.

आणि पेडल कडक लागतंय पण खूप खाली जाऊन, तर हवा शोधत बसू नका, आधी लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) अ‍ॅडजस्ट करून ड्रमजवळ घ्या.

पंपाची ऑइल जमा व्हायची बाटली फारच लहान आहे, सारखी रिकामी करावी लागते, आणि त्या नादात मास्टरवरची ऑइलची टाकी कोरडी पडली की सगळं पहिल्यापासून. म्हणून एक स्टार कमी, चार दिलेत. एकट्याने काम करणाऱ्याने जरूर घ्या.