ऱ्होड्सच्या बंदरावरची 'पाणबुडी' आणि आमचे १३ हजार रुपये

ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर जाणार असाल, आणि सोबत लहान मूल किंवा घरातलं वयस्कर माणूस असेल, तर हे वाचून मगच निघा. गेल्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं तिथे होतो: मी, बायको, ११ वर्षांची लेक आणि माझी आई. आठ दिवसांची सहल एरवी छान झाली. एका संध्याकाळी मात्र आम्हाला सरळ सरळ फसवलं गेलं, आणि ते आईच्या बाबतीत झालं याचा राग अजून गेलेला नाही.

आई मालवणची. तिचा सारा जन्म मासे निवडण्यात आणि कापण्यात गेला. माशाचे डोळे आणि कल्ले बघून तो कधीचा ते ती सांगते. पण जिवंत मासा पाण्याखाली कसा फिरतो ते तिने कधी पाहिलं नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आणि तारकर्लीला स्नॉर्केलिंग सुरू झालं तोवर तिचे गुडघे गेलेले. "जितो मासो पाण्यात कसो फिरता तो एकदा बघूचो आसा," हे मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलंय. त्यामुळे मांद्राकी बंदरावर 'पाणबुडीची सफर' असा फलक दिसला तेव्हा मीच थांबलो. आई काही बोलली नव्हती.

मांद्राकी हे ऱ्होड्स शहराचं जुनं बंदर. तोंडाशी दोन खांब, एकावर हरीण आणि एकावर हरिणी. धक्क्यावर दगडी पवनचक्क्या आणि टोकाला सेंट निकोलसचा किल्ला. सिमी बेटाला, लिंडोसला जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात, म्हणून धक्क्यावर तिकीट विकणाऱ्यांची टेबलं ओळीने मांडलेली असतात. त्यातल्या एका टेबलावरचा माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड. आईकडे बघून त्याने लगेच खुर्ची पुढे केली. फलकावर पिवळी पाणबुडी खोल समुद्रात चाललेली, आजूबाजूला रंगीत प्रवाळ, कासव आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले छोटे मासे.

त्याने काय काय सांगितलं ते लिहितो, कारण हीच वाक्यं उद्या तुम्हालाही ऐकवली जातील. बोट पाण्याखाली जाते. कासव दिसतंच, नाही दिसलं तर पैसे परत. जिथे कोलोसस हा प्राचीन काळचा प्रचंड पुतळा उभा होता तिथले अवशेष तळाशी आहेत, तेही दाखवतात. जिने सोपे आहेत, आजींना काही त्रास नाही. आणि दुपारच्या फेरीपेक्षा सूर्यास्ताची फेरी घ्या, समुद्र तेव्हाच सगळ्यात सुंदर दिसतो, म्हणून तिचा दर थोडा जास्त आहे. मोठ्यांना ३५ युरो, मुलीला २०. एकूण १२५.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी निघाली.

रोख इतकी नव्हती, म्हणून मी कार्ड पुढे केलं. त्याने मशीन स्वतःच्या हातात ठेवलं, दोन बटणं दाबली आणि मग पिन टाकायला माझ्याकडे वळवलं. पडद्यावर १३,१५० आकडा होता. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता, मागे माणसं उभी होती, लेक हात ओढत होती. मी पिन टाकला. त्याने कार्डाची चिठ्ठी फाडून दिली आणि "ही तुमची पावती" म्हणाला. वर एक कागदी कूपन दिलं. त्यावर रबरी शिक्का आणि पेनाने लिहिलेलं '४ माणसं, ६:३०'. किंमत कुठेच नाही.

साडेसहाला बोटीपाशी गेलो, तर चढायच्या फळीशेजारी बोटीचा स्वतःचा फलक होता. मोठ्यांना २० युरो, मुलांना १२. सगळ्या फेऱ्यांना तोच दर. सूर्यास्ताचा वेगळा दर बोटीला माहीतच नव्हता. म्हणजे ७२ युरोंची सफर आम्ही १२५ ला घेतली होती. मी फळीवरच्या मुलाला कूपन दाखवून विचारलं. तो म्हणाला की टेबलवाला आमचा माणूस नाही, तो बाहेरचा एजंट, आम्हाला तो माणशी ठरलेले पैसे देतो. मागे रांग होती. आई चढलेली होती. आम्ही चढलो.

आता बोटीबद्दल. तिचं खरं नाव 'सेमी सबमरीन', आणि तो 'सेमी' शब्द टेबलावरच्या फलकात कुठेच नव्हता. पाणबुडीला टाक्या असतात. त्यांत समुद्राचं पाणी घेतलं की ती जड होऊन बुडते, दाबाच्या हवेने पाणी बाहेर लोटलं की वर येते. या बोटीला असलं काही नसतं. ही साधी बोटच, फक्त पोट खोल, आणि त्या पोटाच्या दोन्ही बाजूंना जाड काचेच्या खिडक्या. वरचा डेक कायम पाण्याच्या वर राहतो. तुम्ही जिन्याने खाली उतरता आणि पाण्याच्या पातळीखाली दीड-दोन मीटरवर बसता. बोट इंचभरही बुडी मारत नाही. यात वाईट काही नाही. मूल हौशीने बसेल, पोहता न येणाऱ्यालाही पाण्याखालचं थोडंफार दिसेल. सेमी सबमरीन म्हणून, फलकावरच्या दराने विकली असती तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

जिना म्हणजे लोखंडी शिडी होती, जवळजवळ उभी. आईला उतरवायला आम्हाला पाच मिनिटं लागली. बायको खालून तिचं एकेक पाऊल पायरीवर ठेवत होती, "आई, आता डावा पाय, सावकाश," आणि मी वरून तिचे दोन्ही हात धरलेले. खाली डोकं वाकवून चालावं लागत होतं. बाकं अरुंद, हवा कोंदट, डिझेलचा वास. काही घडलं असतं तर त्या शिडीवरून आईला घाईने वर कसं आणलं असतं, हा विचार मला बसल्या बसल्या सुचला आणि मग पूर्ण वेळ दुसरं काही सुचलं नाही. "जिने सोपे आहेत" हे त्याचं वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलंय. पैशाचं खोटं एकवेळ सोसता येतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला बघून, तिला खुर्ची देऊन, तिच्याच तोंडावर हे खोटं बोलायचं?

बोट बंदराबाहेर आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सूर्य खाली गेला की त्याचा प्रकाश पाण्यावर तिरका पडतो आणि बराचसा वरूनच परावर्तित होतो, आत कमी शिरतो. त्यात पाणी लाल-नारिंगी रंग आधी गिळतं. खिडकीतून दिसत होता हिरवट निळा अंधार, आणि काचेत आमचेच चेहरे. पाण्याखालचं बघायचं तर सूर्य डोक्यावर हवा, म्हणजे सकाळी दहा-अकरा ते दुपारी दोन-तीन. ज्या फेरीत सगळ्यात कमी दिसतं तीच त्याने आम्हाला जास्त पैसे घेऊन विकली होती.

एका जागी बोट थांबली. एक पाणबुड्या खाली उतरला आणि पिशवीतून पाव सोडू लागला. राखाडी-चंदेरी मासे भराभर जमले, हातभर अंतरावर, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले. आई पहिल्यांदाच काचेला नाक लावून बसली. ती पाच-सात मिनिटं तिला मिळाली, तेवढं मी मान्य करतो. नंतर तळाशी दोन मातीचे रांजण दाखवले, शेवाळसुद्धा धड न धरलेले. लेकीने विचारलं, "बाबा, कासव?" कासव नाही. प्रवाळही नाही.

आई शांतपणे म्हणाली, "इतक्या नितळ पाण्यात मासळी खंयची गावतली?"

तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पूर्व भूमध्य समुद्र इतका निळाशार दिसतो कारण त्यात पोषणद्रव्यं फार कमी, म्हणून प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी, म्हणून मासेही कमी. आपल्या कोकणाचं पाणी गढूळ दिसतं, पण त्यातच मासळीचं अन्न असतं. उष्ण समुद्रात असतात तशा प्रवाळाच्या रंगीत बागा भूमध्यात नाहीतच. फलकावरचे ते नारिंगी-पांढरे मासेही तिथले नाहीत. १८६९ साली सुएझ कालवा झाल्यापासून तांबड्या समुद्रातले काही मासे या बाजूला आलेत, लायनफिश आता ऱ्होड्सच्या पाण्यात दिसतो, पण हा पट्टेवाला मासा तिथला रहिवासी नाही. ग्रीक बेटावर कोणी असा फोटो दाखवून बोट विकत असेल तर फोटो दुसऱ्याच समुद्रातला आहे हे लगेच ओळखा.

आणि कोलोसस. सूर्यदेव हेलिओसचा तो कांस्याचा पुतळा, साधारण ३३ मीटर उंच, इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास उभा राहिला आणि इसवी सनापूर्वी २२६ च्या भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला. त्याचे तुकडे शेकडो वर्षं जमिनीवर पडून होते. सातव्या शतकात अरबांनी ते मोडीत विकले, अशी जुनी नोंद आहे. बंदराच्या दोन्ही तीरांवर पाय रोवून तो उभा होता हे चित्र नंतरच्या लोकांच्या कल्पनेतलं. समुद्रतळावर त्याचा तुकडा आजवर सापडलेला नाही. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. तरी त्या टेबलापाशी मी एका शब्दाने प्रतिवाद केला नाही, कारण माझं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं. अशा वेळी माणूस ऐकूनच घेतो, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

परत आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. टेबल नव्हतं. फलक, खुर्ची, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा माणूस होता आणि त्याला काहीच माहीत नव्हतं. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी मला पहिल्यांदा नीट समजावलं: कार्डाची चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे. ग्रीसमध्ये दुकानदाराने करखात्याच्या नियमाप्रमाणे वेगळी छापील पावती द्यावीच लागते. तिला तिथे 'अपोदिक्सी' म्हणतात. पावती दिली नाही तर गिऱ्हाईकावर पैसे देण्याचं बंधन नाही, अशी पाटीच तिथल्या हॉटेलांत लावलेली असते. आम्ही ती पाटी तीन दिवस जेवताना बघत होतो. पर्यटक पोलिसांचा नंबर १५७१, ग्राहक तक्रारींचा १५२०. मी पर्यटक पोलिसांकडे गेलो. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न हाच: पावती कुठे आहे? माझ्याकडे किंमत नसलेलं कूपन होतं. आमचं परतीचं विमान दुसऱ्या सकाळी होतं.

उरला कार्डाचा प्रश्न. त्या दिवशीच्या भावाने १२५ युरोंचे साधारण १२,१०० रुपये व्हायला हवे होते. आम्हाला लागले १३,१५०, वर आपल्या बँकेचं शुल्क आणि त्यावर जीएसटी. कारण त्याने मशीनवर युरोऐवजी रुपये निवडले होते. परदेशात मशीन तुमचं भारतीय कार्ड ओळखतं आणि विचारतं, युरोत की रुपयांत? रुपये निवडले की भाव त्या मशीनवाल्या कंपनीचा लागतो आणि तो चढाच असतो. नियमाप्रमाणे ही निवड कार्डधारकाने करायची असते. घरी येऊन मी बँकेकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: व्यवहार पिन टाकून झालाय, आणि चिठ्ठीवर छापलंय की ग्राहकाला चलनाचा पर्याय दिला होता व त्याने रुपये निवडले. मी चिठ्ठी पुन्हा काढून बघितली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ते वाक्य खरंच होतं. तक्रार बंद झाली.

म्हणून सांगतो. पडद्यावर रुपयांचा आकडा दिसला तर पिन टाकू नका. व्यवहार रद्द करायला लावा, मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि युरो निवडा. तिकीट टेबलावर न घेता बोटीपर्यंत चालत जा, पन्नास पावलांचं अंतर असतं. फळीपाशी दर लिहिलेला असतो. तिथेच खाली डोकावून जिना बघू द्या म्हणा. चांगला बोटवाला नाही म्हणत नाही. 'पैसे परत' असं कोणी म्हणालं तर ते तिकिटावर लिहून मागा. घरातलं मोठं माणूस सोबत असेल तर मासे बघायला शहराच्या उत्तर टोकाला इटालियनांनी १९३०च्या दशकात बांधलेलं मत्स्यालय आहे, तिथे न्या. आम्ही आदल्या दिवशी त्याच्या दारावरूनच पुढे गेलो होतो. शेवटच्या दुपारी आईला घेऊन गेलो. ती एका टाकीसमोर बराच वेळ उभी होती. मोठा हेकरू मासा होता आत, दगडाच्या आड, नुसते कल्ले हलवत. तिने लेकीला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवून सांगितलं, "ह्या कल्ल्यांचो रंग बघ. जित्या माशाचो असोच असता."

माझी मावसबहीण सप्टेंबरमध्ये ऱ्होड्सला निघाली आहे, सोबत तिचे सासू-सासरे आहेत. तिला मी त्या चिठ्ठीचा आणि कूपनाचा फोटो पाठवलाय, आणि ग्रीकमधला एक शब्द पाठ करायला सांगितलाय. अपोदिक्सी.