कुडाळ, मालवण, वेंगुर्ला: रेल्वे आणि एसटीने शनिवार-रविवार

मुंबईहून कोकण रेल्वेने समुद्र बघायला निघालेल्यांची पहिली निराशा गाडीतच होते. पनवेल ते कुडाळ खिडकीतून समुद्र काही दिसत नाही. रूळ किनाऱ्यापासून बरेच आत, डोंगरातून टाकलेले आहेत. बोगदे, नद्या, भाताची खाचरं, रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल हे सगळं आहे, पण किनारा कुडाळ स्टेशनपासून अजून तीसेक किलोमीटर लांब असतो. तिथवर नेते ती एसटी. म्हणून ही सहल कशी होणार हे रेल्वेपेक्षा रेल्वेतून एसटीत जाण्याच्या त्या तासाभरावर ठरतं. तो तास नीट जमवला तर गाडी भाड्याने न घेता, दोन दिवसांत मालवण आणि वेंगुर्ला दोन्ही होतात.

जाताना कोकणकन्या. शुक्रवारी रात्री ११.०५ ला सीएसएमटीहून सुटते आणि बिगरपावसाळी वेळापत्रकात सकाळी सात-साडेसातच्या सुमारास कुडाळला सोडते. रात्रभर झोप होते आणि शनिवारचा अख्खा दिवस हातात राहतो. तुतारी दादरहून रात्री १२.०५ ला सुटते, पण ती जागोजागी थांबत जाते आणि कुडाळला पोचेपर्यंत दुपार व्हायला येते. जाताना ती घेतली तर मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला किंवा तारकर्लीपुढचं देवबाग यातलं एक सोडावं लागतं. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते. तिथूनही कसालमार्गे मालवणची एसटी आहे, पण पोचता दुपारी, म्हणजे दोन दिवसांच्या सहलीत तिचा वेग वायाच जातो.

आरक्षणात सगळ्यात जास्त गोंधळ तारखेचा होतो. तुतारी रात्री १२.०५ ची, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्याचं तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलं तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. कोकणकन्येचंही पनवेलला तेच. सीएसएमटीहून ती शुक्रवारी सुटते, पण पनवेलला येईस्तोवर बारा वाजून गेलेले असतात, त्यामुळे पनवेलहून बसणाऱ्याने शनिवारची तारीख टाकायची. तत्काळ मात्र गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून उघडतं. म्हणजे याच पनवेलकराला तत्काळसाठी गुरुवारी सकाळी बसावं लागतं, वातानुकूलित डब्यासाठी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला. शुक्रवारी सकाळी आयआरसीटीसी उघडणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि का मिळत नाही तेही कळत नाही. साधं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवारची कोकणकन्या त्याच सकाळी काढावी. परतीचं रविवारचं तिकीट त्याहून कठीण, म्हणून ते आधी हातात घ्यावं आणि मग जायचं ठरवावं. जनरल डब्यातून शुक्रवारी रात्री जायचा विचार लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असताना करू नये. ठाण्याच्या पुढे त्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

गाडीला उशीर होतो तो एकेरी मार्गामुळे. दुहेरीकरण झालंय ते रोहा ते वीर एवढंच. पुढे समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात थांबावंच लागतं, आणि एका गाडीचा उशीर मागच्या चार गाड्यांना लागतो. पावसाळी वेळापत्रकात वेगच कमी केलेला असतो, कारण दरड आणि मातीचा भरवसा नसतो. ही काळजी योग्यच आहे, तिच्याबद्दल कुरकुर करू नये. फक्त आपण कुठल्या वेळापत्रकात प्रवास करतोय हे तिकिटावर बघून ठेवावं, कारण पावसाळ्यात परतीच्या गाड्या मडगावहून लवकर सुटतात आणि जुनी वेळ डोक्यात धरलेल्यांची गाडी चुकते.

कुडाळला उतरलात की एसटी स्टँड समोर दिसणार नाही. स्टेशनातून रिक्षा करायची, आणि ती चटकन करायची. कोकणकन्येतून उतरलेली सगळी माणसं एकदमच बाहेर पडतात आणि दहा मिनिटांत रिक्षा संपतात. चहा स्टँडवर जाऊन प्यावा. तिथे पाटी वाचण्याआधी चौकशीच्या खिडकीवर विचारावं, आणि विचारताना ‘मालवणची गाडी कधी?’ एवढ्यावर न थांबता ‘मार्गे कुठून?’ हेही विचारावं. नेरूरपार, धामापूर, चौकेवरून जाणारी गाडी घ्यावी. कर्ली नदीचा पूल ओलांडला की रस्ता माडा-पोफळींतून जातो आणि वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत गेला. उतरायला वेळ नसतो, पण तलावाच्या बाजूची खिडकी कुठली ते कंडक्टरला विचारून बसता येतं.

भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर लागतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे कुडाळ ते मालवण पन्नास-साठ रुपयांत होतं. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे मोफत, पण वयाचा पुरावा जवळ हवा. ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास चार दिवसांपासून मिळतो. दोन दिवसांत एवढ्या कमी अंतराला तो काढण्यात फायदा नाही. सामान मात्र पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढंच घ्यावं. चाकांची मोठी बॅग वरच्या फळीवर बसत नाही, मग ती पायांत येते आणि मधल्या थांब्यांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्यांना अडते.

मुक्काम मालवण गावातच करावा, तारकर्लीला नको. तारकर्लीचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही, पण स्वतःचं वाहन नसताना तिथे राहिलात की संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनंतर प्रत्येक हालचालीला रिक्षा लागते. मालवणात स्टँड, बाजार, जेटी आणि चिवला बीच सगळं चालत होतं.

सिंधुदुर्ग शनिवारी सकाळीच करावा. किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं आणि १६६७ मध्ये पूर्ण झालं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीत आल्यापासून सुट्टीच्या दिवशी जेटीवर रांग लांबते. होडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि उतरवताना साधारण तासाभराने परत यायला सांगतात. तास कमीच पडतो. त्यामुळे आत शिरल्यावर मुख्य दरवाजापाशी फोटोत वीस मिनिटं घालवू नयेत. आधी शिवराजेश्वराचं मंदिर, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि उरलेला वेळ पूर्ण तटावर. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आतल्या विहिरीला गोडं पाणी लागावं, याचं खरं मोल ऊन तापल्यावर कळतं. किल्ल्यात पायऱ्या आणि ओबडधोबड दगड आहेत, पट्ट्याची चप्पल घालावी. जून ते ऑगस्ट ही होडी बंद असते. त्या महिन्यांत ही सहल करायची तर किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा आहे हे घरीच सगळ्यांना सांगून ठेवावं.

दुपारी जेवण. मालवणात थाळी निवडताना सुरमईच्या तुकड्यावर न जाता त्या दिवशी बाजारात काय आलंय ते विचारावं. बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, मिळालं तर तेच घ्यावं. तिरफळ ठेचून घालतात, काळी बी काढलेली असते, आणि जिभेला पहिल्यांदा हलकी झिणझिणी येते. ती नसेल तर मसाला पाकिटातला समजावा. सोलकढी नारळाच्या रसातली हवी. पेला दोन मिनिटं ठेवला की वर दाट थर येतो आणि खाली गुलाबी पाणी राहतं. पावडरची कढी एकसारखी, भडक गुलाबी राहते. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा ताटात येणारा मोठा मासा बहुधा बर्फातला. त्या दिवसांत कोंबडी-वडे मागवावेत, जास्त समाधान होतं.

तीनच्या सुमाराची देवबागची एसटी या सगळ्या सहलीतला सर्वांत चांगला प्रवास. तारकर्ली मागे पडली की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला कर्लीची खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माड, घरं आणि एक अरुंद रस्ता. समोरून टेम्पो आला की ड्रायव्हर गाडी कुंपणाला जवळजवळ टेकवून उभी करतो. माडाची झावळी खिडकीतून आत येते, कोणाच्या तरी अंगणातली वाळत घातलेली सुकट हाताच्या अंतरावर असते, आणि कंडक्टर थांब्याचं नाव न पुकारता उतरणाऱ्याच्या नावाने हाक मारतो. शेवटच्या थांब्यावरून, कर्ली समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत चालत जावं. बोटीने संगम दाखवणारे भेटतील. दर आधी ठरवावा, माणशी की बोटीमागे हे स्पष्ट करून घ्यावं आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये. संगमाच्या पाण्यात पोहायला मात्र उतरू नये. ओहोटीला नदीचं पाणी जोराने बाहेर ओढतं आणि वरून ते संथच दिसतं. उतरताना परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारावी, बहुतेकदा तीच गाडी फिरून येते.

रविवारी मालवण-वेंगुर्ला. पाट-परुळेकडून जाणारी सकाळची गाडी मिळाली तर पावणेदोन-दोन तासांत पोचवते. पण सहलीतला खरा धोका इथे आहे. आतल्या गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात आणि रविवारी त्या नसतात. आदल्या दिवशी पाटीवर दिसलेली वेळ रविवारी लागू असेलच असं नाही. शनिवारी संध्याकाळी स्टँडवर जाऊन ‘उद्या रविवारी आहे का?’ असं शब्दशः विचारावं. नसेल तर वाट बघत बसू नये. कुडाळला परत येऊन मठमार्गे वेंगुर्ल्याची गाडी धरावी. अंतर वाढतं, पण गाड्या जास्त आहेत. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस टाळावेत. एसटीच्या गाड्या तिकडे वळवलेल्या असतात आणि रेल्वेत जागा मिळत नाही.

वेंगुर्ल्यात काय बघायचं हे परतीची गाडी ठरवते. तुतारी सावंतवाडीहूनच सुटते, कुडाळला संध्याकाळी सहाच्या पुढे येते आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी दादरला पोचवते. सुरुवातच दोन स्टेशनं आधी असल्याने ती सहसा वेळेवर येते, म्हणून परतीला पसंती तिला. मग वेंगुर्ल्याचं बंदर, दीपगृहाची टेकडी आणि जेवण एवढंच करावं. शिरोडा हवं असेल तर परतीला रात्रीची कोकणकन्या काढावी. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं आणि वेळागरचा किनारा दोन्ही बघायचं तर वेंगुर्ल्याहून जाऊन-येऊन साडेतीन तास धरावेत.

वेंगुर्ल्याहून सावंतवाडीलाही एसटी जाते, पण सावंतवाडी रोड स्टेशन शहरापासून लांब, मळगावला आहे आणि संध्याकाळी तिथली रिक्षा महाग पडते. कुडाळच धरावं. गाडीच्या वेळेच्या दोन तास आधी वेंगुर्ला सोडावं: तासभर एसटीला, अर्धा तास स्टँडवरच्या रिक्षेला आणि स्टेशनला, उरलेला अर्धा तास फेरी रद्द झाली तर पुढच्या गाडीसाठी. खाजा आणि कोकमं वेंगुर्ल्याच्या बाजारातच घ्यावीत. रात्रीचं जेवणही तिथूनच बांधून घ्यावं.