‘नाही’ म्हणणारा पार्सर: आठ महिने अलॉय वापरल्यानंतर

नऊ दिवस आमच्या डॅशबोर्डवर ब्लॉकचेनवरच्या एका काँट्रॅक्टचे (तिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) व्यवहार शून्य दिसत होते. एरर नाही, वॉर्निंग नाही. बाजार थंड असेल म्हणून सगळे गप्प बसलो. दहाव्या दिवशी कुणीतरी सहज ब्लॉक एक्स्प्लोरर (चेनवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) उघडला, तर तिथे इव्हेंट्सची, म्हणजे काँट्रॅक्टने चेनवर सोडलेल्या नोंदींची, रांग लागलेली. त्या आठवड्यात आम्ही रस्ट भाषेतली जुनी एबीआय लायब्ररी (एबीआय म्हणजे काँट्रॅक्टचा डेटा लिहायचा-वाचायचा ठरलेला साचा) काढून त्याच कामाची दुसरी लायब्ररी, अलॉय, घेतलं. आता आठ महिने झालेत, म्हणून लिहायला बसलो.

भानगड अशी होती. आमचा इंडेक्सर (चेनवरचे इव्हेंट वाचून साठवणारा प्रोग्रॅम) इव्हेंटच्या सिग्नेचर, म्हणजे नाव आणि आतल्या टाइपांची यादी, कॉन्फिग फाइलमधून साध्या मजकुराच्या रूपात वाचतो. त्यात घाईघाईत कुणीतरी टाइपच्या जागी सोर्समधलं नावच चिकटवलं: ‘प्राइस’. काँट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीमध्ये ०.८.८ पासून असे स्वतःचे व्हॅल्यू टाइप करता येतात, आणि हा आतून युइंट१२८ (१२८ बिटांचा बिनचिन्ही पूर्णांक) होता. एबीआयला हे नाव माहीतच नसतं, तिथे फक्त आतला टाइप चालतो. जुनी लायब्ररी (नाव घेत नाही, तिने बरीच वर्षं सेवा केली आहे) अनोळखी शब्द दिसला की तो एनम (ठरावीक पर्यायांची यादी) असणार असं गृहीत धरून गुपचूप युइंट८ लावायची. सिग्नेचर बदलली, तिचा केकॅक२५६ हॅश बदलला, आमचा फिल्टर भलत्याच टॉपिकवर (इव्हेंट ओळखायच्या हॅशवर) लागला. ज्याच्याकडून चेनचा डेटा घेतो त्या नोडने प्रामाणिकपणे सांगितलं, असा एकही लॉग (इव्हेंटची नोंद) नाही.

वैताग याचा की हाच अंदाज आधी वर्षभर बरोबर येत होता. दुसऱ्या एका काँट्रॅक्टच्या सिग्नेचरमध्ये ‘साइड’ नावाचा एनम तसाच लिहिलेला होता. एबीआयमध्ये एनमचा युइंट८च होतो, त्यामुळे तुक्का लागत गेला आणि आम्हाला वाटलं लायब्ररी हुशार आहे.

नऊ दिवसांचे ब्लॉक पुन्हा ओढण्यात नोडचा महिन्याचा विकतचा कोटा संपला. वेळ गेला याचं मला फारसं काही वाटत नाही, पण फुकट गेलेले कॉल अजून डोक्यात आहेत. तेव्हा हा रिव्ह्यू थोडा सुडाच्या भावनेने लिहिलाय असं समजा.

अलॉयमध्ये तीच ओळ डिनसॉलटाइपच्या पार्सला (टाइपचं नाव वाचून ओळखणाऱ्या फंक्शनला) दिली आणि त्याने सरळ एरर दिला. प्राइस? ओळखत नाही. मी मुद्दाम खोड्या काढल्या. युइंट७ दिला, नाकारला, कारण आकार ८ च्या पटीतच हवा. युइंट२६४ नाकारला. बाइट्स३३ नाकारला. नुसता युइंट दिला तर तो युइंट२५६ करून घेतला, आणि हे फार महत्त्वाचं आहे. ट्रान्सफर फंक्शनचा ए९०५९सीबीबी हा ओळखीचा सिलेक्टर (फंक्शन ओळखायचे हॅशचे पहिले चार बाइट्स) टाइपचं पूर्ण नाव लिहून हॅश केलं तरच मिळतो. युइंट असं तोकडं लिहून हॅश केलंत तर चार बाइट्स वेगळेच येतात. टपल (अनेक टाइपांचा गट) कंसात लिहा किंवा कंसाआधी टपल हा शब्द लावा, दोन्ही चालतं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पार्सर असावा तर असा.

इथे मत थोडं बदलावं लागलं. टाइपच्या नावाबाबत जी करडी शिस्त आहे, ती डेटाबाबतही असेल असं मी धरून चाललो. तसं नाही. अलॉयच्या १.० च्या आधी डीकोड करताना तपासणी हवी की नको हे एका बूलने (खरं/खोटं) सांगावं लागायचं. १.० मध्ये तो बूल गेला आणि तपासणीसाठी वेगळी मेथड आली. साधं डीकोड केलं तर ॲड्रेसच्या ३२ बाइट्सच्या शब्दातले शेवटचे २० घेतले जातात आणि आधीच्या १२ मध्ये कचरा असला तरी तक्रार होत नाही. बूलच्या शब्दात शून्य सोडून काहीही असेल तर ते खरं. अपग्रेड करताना कंपायलर ओरडला, मी जिथे जिथे बूल होता तिथून तो पुसून टाकला आणि मोकळा झालो. तपासणी आपल्या हातानेच बंद केली हे दोन महिन्यांनी लक्षात आलं. चूक माझीच, बदल नीट लिहिलेला होता. तरी जो पार्सर नावाच्या बाबतीत इतका खडूस, तो डेटाच्या बाबतीत इतका उदार का, हे मला पटलेलं नाही. चेनवरच्या लॉगसाठी ठीक आहे, ते बहुतेक कंपायलरनेच बनवलेले असतात. बाहेरून आलेल्या कॉलडेटासाठी (काँट्रॅक्टला कॉल करताना पाठवलेल्या डेटासाठी) मी आता तपासणीवाली मेथडच वापरतो.

इंट२४ बद्दल मात्र कौतुकच. युनिस्वॅप व्ही३ (चेनवरचं टोकन अदलाबदलीचं एक्स्चेंज) च्या स्वॅप इव्हेंटमध्ये टिक (किमतीची पायरी) इंट२४ असतो आणि तो ऋण असू शकतो. उणे १ म्हणजे अख्खे ३२ बाइट्स एफएफ. पूर्वी मी हाताने शेवटचे तीन बाइट्स कापून आय३२ (रस्टचा ३२ बिटांचा पूर्णांक) मध्ये टाकले होते, त्यामुळे उणे १ चे १६७७७२१५ झाले होते. वैध टिक ८८७२७२ च्या पुढे जातच नाही, त्यामुळे निदान पकडलं तरी गेलं. अलॉयमध्ये २४ बिटांचा चिन्हासकट वेगळा टाइपच आहे. आय३२ मध्ये न्यायला एक ओळ जास्त लिहावी लागते, ती मी आनंदाने लिहितो. रस्टचा स्वतःचा सगळ्यात मोठा पूर्णांक १२८ बिटांचा, त्यामुळे २५६ साठी कुठली तरी लायब्ररी लागणारच. ते काम निमूटपणे होतं.

ॲरेचा क्रम सी वाल्यांना गोंधळात टाकेल. युइंट२५६[२][] हे डावीकडून वाचायचं: दोन-दोनच्या जोड्या, आणि अशा जोड्यांची हवी तेवढी लांब यादी. पार्सर हे बरोबर करतो, गफलत आपल्या डोक्यात होते.

अलॉयच्या सोल मॅक्रोबद्दल (काँट्रॅक्टच्या वर्णनावरून बिल्डच्या वेळीच रस्ट कोड बनवणारी सोय) सगळे भरभरून बोलतात. माझा लॅपटॉप जुना आहे आणि बदलायचा विचार नाही. चाळीसेक काँट्रॅक्टच्या जेसन फाइली मॅक्रोला दिल्या तर बिल्डच्या वेळी पंखा विमानासारखा घोंघावतो. म्हणून जे चार-पाच काँट्रॅक्ट रोज लागतात तेवढेच मॅक्रोत ठेवले आणि बाकीचे चालू प्रोग्रॅममध्येच पार्स करतो. थोडा वेग जातो, लॅपटॉप वाचतो.

कॉन्फिगमधली ‘साइड’ची ओळही अलॉयने पहिल्याच दिवशी फेकून दिली होती, वर्षभर बरोबर चालत असूनही. सुरुवातीला राग आला. मग नाव आणि खरा टाइप यांची जोडी सांगणारा छोटा तक्ता केला, पार्सरकडे जायच्या आधी नावं त्यातून जातात. तक्त्यात नाव नसेल तर इंडेक्सर सुरूच होत नाही.

परवा कार्गो ट्री (प्रोजेक्टमध्ये कुठल्या लायब्ऱ्या आल्यात ते दाखवणारी रस्टची कमांड) सहज चालवून पाहिलं. जुनी लायब्ररी अजून घरातच आहे, दुसऱ्या एका क्रेटच्या (रस्टच्या पॅकेजच्या) मागून आत आलेली. वापरत नाही, पण प्रत्येक स्वच्छ बिल्डला कंपाइल होतेच.